विंडोजचे गेम लिनक्सवर: डिस्ट्रो नंतर निवडा, आधी अँटीचीट आणि व्हल्कन बघा

सांजवारा (धागाकर्ता)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. तेव्हापासून ओळखीच्यांचे फोन येतात त्यात विषय बहुतेक हाच असतो. मशीन ठणठणीत आहे, पण विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेल असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. तो नाही. मग लिनक्स टाकलं तर पोरांचे गेम चालतील का?

असा प्रश्न कुठेही टाकला की लगेच डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सचा कोणता तयार संच घ्यावा यावर, चर्चा सुरू होते. मिंट घ्या, फेडोरा घ्या, आर्चशिवाय मजा नाही वगैरे. माझं ठाम मत आहे की डिस्ट्रोचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी दोनच गोष्टी तपासायच्या. जो गेम खेळायचा आहे त्यात कोणतं अँटीचीट, म्हणजे फसवून खेळणाऱ्यांना पकडणारं सॉफ्टवेअर, आहे? आणि आपल्या ग्राफिक्स कार्डाला व्हल्कनची (गेमने ग्राफिक्स कार्डाला काम सांगायच्या भाषेची) कोणती आवृत्ती झेपते? दोन्हींचं उत्तर अनुकूल आलं तर कुठल्याही बऱ्या डिस्ट्रोवर गेम चालतो. एकाचं जरी 'नाही' आलं, तर डिस्ट्रो बदलत बसण्यात फक्त शनिवार-रविवार वाया जातात.

हे सगळं चालतं कसं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. विंडोजचा गेम प्रोसेसरला ज्या सूचना देतो त्या लिनक्सवरही जशाच्या तशा चालतात, कारण प्रोसेसर तोच आहे. अडतं ते 'फाइल उघड', 'आवाज वाजव', 'हा त्रिकोण रंगव' या मागण्यांपाशी. गेम त्या विंडोजच्या डीएलएलकडे (तयार फंक्शनांच्या फायलींकडे) करतो, आणि लिनक्सवर त्या डीएलएल नसतात. वाईन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) त्यांच्या जागी स्वतः नव्याने लिहिलेल्या डीएलएल ठेवतं आणि दुभाष्यासारखं प्रत्येक मागणी लिनक्सपर्यंत पोचवतं. हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला, १९९४ पासून अलेक्सांद्र ज्युलियार तो सांभाळत आहेत, आणि १.० ही आवृत्ती यायला २००८ उजाडलं. इतकी वर्षं कुणी कौतुक करो न करो, ही मंडळी एकेक फंक्शन पुन्हा लिहीत राहिली. आज आपण एक बटण दाबून गेम सुरू करतो त्याचा पाया तिथे आहे.

सगळ्यात अवघड भाग होता चित्राचा. डायरेक्ट३डी या विंडोजच्या चित्र काढायच्या पद्धतीतल्या मागण्या ओपनजीएल या दुसऱ्या पद्धतीत बदलताना नव्या गेमचा वेग पार कोसळायचा. मग फिलिप रेबोले यांनी डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. त्यांना 'निअर: ऑटोमाटा' लिनक्सवर खेळायचा होता. डीएक्सव्हीके डायरेक्ट३डी ११ च्या मागण्या व्हल्कनमध्ये बदलतं, आणि व्हल्कन हार्डवेअरच्या बरंच जवळ असल्यामुळे वेगाचा फरक जवळपास मिटला. स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने या कामाला पैसा पुरवला, वाईनवर काम करणाऱ्या कोडवीव्हर्सला सोबत घेतलं आणि २१ ऑगस्ट २०१८ ला वाईन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधलेलं प्रोटॉन आणलं. पहिल्या दिवशी अधिकृत यादीत फक्त २७ गेम होते. पुढे डायरेक्ट३डी ९ चं कामही डीएक्सव्हीकेत आलं आणि १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन तयार झालं. आता एकट्याने खेळायचे बहुतेक गेम स्टीमवरून उतरवून 'प्ले' दाबलं की सुरू होतात. हे मी उगाच म्हणत नाही, प्रोटॉनडीबी या साइटवर जाऊन स्वतः पडताळून बघा. तिथे लोक आपापल्या मशीनवरचे अनुभव लिहितात. त्यावरून गेमला पदक मिळतं, पण नुसता पदकाचा रंग बघू नका. आपल्यासारखं कार्ड असलेल्यांनी अलीकडे काय लिहिलंय ते वाचा.

आता अँटीचीट. ईझी अँटीचीट आणि बॅटलआय या दोघांनीही २०२१ मध्ये प्रोटॉनला आधार देऊ केला. पण तो चालू करायचा की नाही हे गेम बनवणाऱ्या कंपनीच्या हातात आहे. 'एल्डन रिंग'मध्ये ईझी अँटीचीट आहे आणि तो लिनक्सवर ऑनलाइन चालतो. 'फोर्टनाइट'मध्येही तेच आहे आणि तो चालत नाही. तंत्र एकच, परवानगी वेगळी. 'व्हॅलोरंट'चं व्हॅनगार्ड थेट विंडोजच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) बसतं, तिथे वाईनचा काही इलाज नाही. २०२४ मध्ये तेच 'लीग ऑफ लेजंड्स'मध्ये आलं आणि तो चालता गेम लिनक्सवर बंद पडला. 'एपेक्स लेजंड्स'ने ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस लिनक्सचा दरवाजा लावून घेतला. तेव्हा घरातलं पोरगं रोज व्हॅलोरंट खेळत असेल तर त्याच्या मशीनवरचं विंडोज काढू नका. ते बिचारं मित्रांपासून तुटेल.

दुसरी गोष्ट व्हल्कनची. डीएक्सव्हीके २.० पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२२ पासून, व्हल्कन १.३ लागतं. इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्सला ते चालतं. चौथ्या पिढीला आणि त्याआधीच्या ग्राफिक्सला व्हल्कनचा आधार अर्धवटच आहे. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ६०० मालिकेतली आणि ७०० मधली बरीचशी कार्डं ४७० क्रमांकाच्या ड्रायव्हरवर थांबली, त्यांना १.३ मिळत नाही. अशा कार्डावर गेमच्या प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटीमध्ये जाऊन जुनं प्रोटॉन ७ निवडा, त्यात जुनं डीएक्सव्हीके आहे. जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० असेल तर व्हल्कनची काळजी नाही, फक्त ड्रायव्हर ५८० मालिकेचाच ठेवा. त्यापुढच्या मालिकांनी ही कार्डं सोडली आहेत.

बाकीचं प्रतिसादांमध्ये बोलू. आपलं मशीन, कार्ड आणि गेमचं नाव दिलंत तर नेमकं सांगता येईल.

---

पिंपळपान

अतिशय उपयोगी धागा, वाचनखूण साठवली आहे.

आमच्याकडे आय५ सातव्या पिढीचा, १०५० टीआय, १६ जीबी रॅम. मुलगा जीटीए ५ आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. मी स्वतः दोन वर्षं ऑफिसात उबंटू वापरतेय, त्यामुळे लिनक्सची भीती नाही. जीटीएचं काय होईल?

---

सांजवारा

@पिंपळपान, काउंटर-स्ट्राइक २ ची लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्ती आहे, तिथे प्रोटॉनची गरजच नाही. जीटीए ५ ची एकट्याने खेळायची कथा उत्तम चालते. ऑनलाइनसाठी मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय बसवलं गेलं आणि तेव्हापासून लिनक्सवरून ऑनलाइन जाता येत नाही. मुलगा कोणतं खेळतो ते आधी विचारा, आणि ऑनलाइन असेल तर त्याला विश्वासात घेऊनच ठरवा.

उबंटू घेणार असाल तर एक सूचना. त्याच्या ॲप सेंटरमधून स्टीम टाकलं तर स्नॅप (उबंटूचं वेगळ्या पद्धतीने बांधलेलं पॅकेज) येतं, आणि त्यातून भलत्याच अडचणी निघतात. खुद्द व्हॉल्व्हच्या मंडळींनीही स्नॅप टाळायला सांगितलंय. स्टीमच्या साइटवरून डेब फाइल उतरवा.

---

जुना_खेळाडू

नव्या गेमवर बरंच बोलून झालं, जुन्यांबद्दल मी लिहितो. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून आमच्या पिढीने जे गेम खेळले ते आजही हातात घ्यावेसे वाटतात. 'आयजीआय', 'व्हाइस सिटी', 'मोस्ट वाँटेड', आणि अर्थातच 'क्रिकेट ०७'. आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी पीसी आला की पहिल्या आठवड्यात त्यावर क्रिकेट ०७ असायचाच.

यांतले बरेच गेम नव्या विंडोजवर कुरकुर करतात. त्या काळच्या पुष्कळ डिस्कवर सेफडिस्क नावाचं संरक्षण होतं. त्याचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये सुरक्षेच्या कारणाने बंद केला. म्हणजे पैसे देऊन घेतलेली मूळ डिस्क असूनही विंडोज १० वर गेम उघडत नाही. शिवाय जुने गेम स्क्रीनचे रंग १६ बिटचे मागतात, ८०० बाय ६०० ची स्क्रीन मागतात. आजचा डेस्कटॉप ते करताना सगळे आयकॉन एका कोपऱ्यात ढकलून मोकळा होतो.

वाईनमध्ये यावर छान सोय आहे. लुट्रिस (गेम बसवून सांभाळणारा प्रोग्राम) टाका, जुन्या गेमसाठी वेगळा प्रीफिक्स करा. प्रीफिक्स म्हणजे त्या गेमपुरती छोटी विंडोज, तिची स्वतःची सी ड्राइव्ह असलेली. वाईनच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सच्या पानावर 'व्हर्च्युअल डेस्कटॉप' चालू करून ८०० बाय ६०० लिहा. गेमला वाटतं की हीच सगळी स्क्रीन आहे. आपला डेस्कटॉप जागचा हलत नाही. पहिल्याच पानावर विंडोजची आवृत्तीही निवडता येते. एका गेमला एक्सपी, दुसऱ्याला विंडोज ९८, दोन्ही शेजारी शेजारी. खुद्द विंडोजवर हे इतकं सुटसुटीत होत नाही.

डायरेक्ट३डी ८ च्या आधीचे गेम डीएक्सव्हीकेकडे जातच नाहीत, ते वाईनच्या जुन्या ओपनजीएल मार्गाने जातात. त्यामुळे व्हल्कन नसलेल्या मशीनवरही ते मजेत चालतात. सांजवारा यांनी वर व्हल्कनचं सांगितलं ते बरोबरच आहे, पण ज्यांच्याकडे अगदी जुना लॅपटॉप पडून आहे त्यांनी निराश होऊ नये म्हणून हे मुद्दाम सांगितलं. मेनूतली अक्षरं गायब असतील तर वाईनट्रिक्स या मदतनीस प्रोग्राममधून कोअरफाँट्स हा फाँटचा संच बसवा.

डिस्क नसेल तर जीओजी या गेमच्या ऑनलाइन दुकानात बरेच जुने गेम कुठल्याही संरक्षणाशिवाय मिळतात. हिरोइक लाँचरमधून जीओजी आणि एपिक दोन्हींचे गेम उतरवता येतात.

---

उनाड_वासरू

सांजवारा दादा, मदत पाहिजे. मिंट टाकलंय, विंडोजपण ठेवलीय. डी ड्राइव्हवर स्टीमचे गेम आधीपासून होते, परत १०० जीबी डाउनलोड नको म्हणून लिनक्सच्या स्टीमला तेच फोल्डर दाखवलं. गेम लिस्टमध्ये दिसतात. प्ले दाबलं की बटण 'स्टॉप' होतं आणि दोन सेकंदांत परत 'प्ले'. एरर नाही, काही नाही. ड्रायव्हर बरोबर आहे, काउंटर-स्ट्राइक चालतो. हॉस्टेलचं नेट फार हळू आहे हो.

---

सांजवारा

@उनाड_वासरू, गेम ठीक आहे, ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजची फायली साठवायची पद्धत) आहे ही अडचण. नीट सांगतो, कारण हा प्रकार फार जणांना होतो आणि बटण काहीच बोलत नसल्यामुळे लोक लिनक्सच काढून टाकतात.

स्टीम प्रत्येक गेमसाठी 'कम्पॅटडेटा' नावाच्या फोल्डरात एक प्रीफिक्स बनवतं. तो त्याच ड्राइव्हवर बनतो. प्रीफिक्सच्या आत 'डॉसडिव्हायसेस' असं फोल्डर असतं आणि त्यात 'सी:' या नावाची लिंक, नावातच विसर्गासारखे दोन ठिपके. एनटीएफएसवर विंडोजला असं नाव चालत नाही. लिनक्सचा ड्रायव्हर कधी ते बनवू देतो, कधी नाही. बनलं तरी पुढे विंडोजने डिस्क तपासली की तिला तो बिघाड वाटतो आणि ती 'दुरुस्ती' करून टाकते.

दुसरं कारण फास्ट स्टार्टअप. विंडोज बंद केली असं आपल्याला वाटतं, पण ती अर्धी झोपलेली असते आणि ड्राइव्ह अडवून ठेवते. मग लिनक्सला ती फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. प्रीफिक्स बनतच नाही, आणि बटण परत 'प्ले' होतं.

डाउनलोड परत करायची गरज नाही. असं कर:

विंडोजमध्ये जाऊन पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद कर आणि मशीन पूर्ण बंद कर. मग मिंटमध्ये ये. लिनक्सच्या एक्स्ट४ पार्टिशनवर जागा असेल तर स्टीमच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजला जाऊन तिथे नवी लायब्ररी जोड. मग गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, 'मूव्ह'. फायली डिस्कवरून डिस्कवर जातील, नेट लागणार नाही. शेवटी त्याच पानावर 'व्हेरिफाय' दाब. काही फायली कमी निघाल्या तर तेवढ्याच उतरतील.

---

दर्याफिरस्ता

नेदरलँड्सहून लिहितोय. इथे माझ्याकडे स्टीम डेक आहे, भारतात ते अधिकृतपणे विकत नाहीत म्हणून त्याबद्दल थोडं. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेलं हे हातात धरायचं यंत्र आतून लिनक्सच आहे. स्टीमओएस ३, आर्चवर बेतलेलं, डेस्कटॉप केडीई प्लाझ्मा. त्याआधी २०१५ मध्ये व्हॉल्व्हने स्टीम मशीन्स काढली होती, ती चालली नाहीत, कारण गेम कंपन्यांनी लिनक्ससाठी वेगळे गेम लिहावेत अशी त्यांची अपेक्षा होती. प्रोटॉनने ती अटच काढून टाकली.

डेक तुमच्याकडे असो वा नसो, त्याचा फायदा सगळ्यांना आहे. डेकवर गेम अडला की दुरुस्ती प्रोटॉनमध्ये होते आणि तीच तुमच्या मिंटवर येते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' मी यावरच खेळलो. त्यातली पहाडी चित्रशैलीची सजावट आणि देवळांचे खांब परदेशात बसून बघताना ऊर भरून येतो. पुण्यात बनलेला, विंडोजसाठी लिहिलेला गेम इथे लिनक्सच्या हँडहेल्डवर चालतोय याचं मला खरंच अप्रूप वाटलं. ज्यांनी खेळला नसेल त्यांनी जरूर खेळा.

---

ठाम_मतवाला

सगळं वाचलं. कष्ट घेतलेत हे मान्य. पण गेमच खेळायचे तर विंडोज ठेवा ना सरळ. ज्याला मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचंय त्याला प्रीफिक्स आणि व्हल्कन कशाला शिकवायचं? नवा गेम आला की पहिल्या दिवशी तो लिनक्सवर चालेलच याची हमी कोण देतो? 'बॅटलफील्ड ६' तर सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त मान्य सॉफ्टवेअर चढू देणारी सोय) आणि स्वतःचं कर्नल अँटीचीट मागतो. दिशा उलटी चाललीय.

---

सांजवारा

@ठाम_मतवाला, ऑनलाइन स्पर्धात्मक गेमपुरतं तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, आणि धाग्यात तेच लिहिलंय. अशांनी विंडोज ठेवावी.

पण ज्याचं मशीन विंडोज ११ घेतच नाही त्याच्यासाठी 'सरळ विंडोज ठेवा' याचा अर्थ एकतर नियमित आधार संपलेली विंडोज, नाहीतर नवा पीसी. चाळीस-पन्नास हजार रुपये प्रत्येकाकडे नसतात. एकट्याने खेळणारा, कथा आवडणारा, जुने गेम आवडणारा खेळाडूही खेळाडूच आहे. त्याचं मशीन भंगारात जाऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि दिशा सगळीच उलटी नाही. विंडोजमध्ये गेमचे अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एकमेकांसाठी थांबतात ती पद्धत लिनक्सच्या पद्धतीपेक्षा वेगळी आहे. वाईनला तिची नक्कल करताना वेळ जायचा. आता एलिझाबेथ फिगुरा यांनी लिहिलेलं एनटीसिंक थेट लिनक्स कर्नलमध्येच आलंय, मार्च २०२५ च्या ६.१४ पासून. विंडोजचे गेम नीट चालावेत म्हणून लिनक्सच्या गाभ्यात सोय झाली, ही गोष्ट माझ्या दृष्टीने फार मोठी आहे.

---

रानमोगरा

माझा गेम चालतो, पण गोगलगायीसारखा. लॅपटॉपला दोन ग्राफिक्स आहेत, इंटेल आणि एनव्हिडिया. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून शिफारस केलेला ड्रायव्हर टाकला. त्यानंतर रीस्टार्ट करताना एक निळी स्क्रीन आली होती, काही सेकंदांत गेली. संबंध असेल का?

---

जुना_खेळाडू

संबंध तिथेच आहे. ती एमओकेची, म्हणजे मशीनच्या मालकाने किल्ली मान्य करायची, स्क्रीन. सिक्युअर बूट चालू असलं की बाहेरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये चढायच्या आधी त्याची किल्ली मशीनला मान्य करून द्यावी लागते. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारला असेल, तोच त्या निळ्या स्क्रीनवर 'एनरोल एमओके' निवडून द्यायचा असतो. ती संधी गेली की ड्रायव्हर डिस्कवर असतो, पण चढत नाही. मग गेम इंटेलवर चालतो.

खात्री करायची असेल तर टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय चालवा. कार्डाचं नाव आणि तापमानाची चौकट दिसली तर ड्रायव्हर जागा आहे. संवाद होत नाही असा संदेश आला तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाका आणि या वेळी निळ्या स्क्रीनवर लगेच कुठलीतरी की दाबा, म्हणजे ती थांबेल. बायोसमधून सिक्युअर बूट बंद करणं हा दुसरा मार्ग, पण शेजारी विंडोज असेल आणि तिच्यावर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर आधी त्याची रिकव्हरी किल्ली लिहून ठेवा.

---

रानमोगरा

संवाद होत नाही असाच संदेश होता. परत ड्रायव्हर टाकला, किल्ली दिली, आता झकास चालतोय. मनापासून आभार.

एक शेवटचं. गेममधल्या व्हिडिओच्या जागी टीव्हीवर पूर्वी यायचे तसे रंगीत पट्टे दिसतात. आवाजही नाही.

---

सांजवारा

@रानमोगरा, ते पट्टे प्रोटॉनच दाखवतं. व्हिडिओ ज्या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत) आहे तो परवान्यांच्या अडचणींमुळे मूळ प्रोटॉनसोबत देता येत नाही. स्टीमला पूर्वतयारी म्हणून शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) उतरवू द्या. त्यासोबत बऱ्याच गेमचे बदललेले व्हिडिओही येतात. तरी पट्टेच दिसले तर प्रोटॉनअप-क्यूटी नावाचा छोटा प्रोग्राम टाका, त्यातून जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची बाहेरच्यांनी बनवलेली आवृत्ती घ्या, स्टीम एकदा बंद करून उघडा आणि फक्त या गेमसाठी ते निवडा. बाकीचे गेम मूळ प्रोटॉनवरच राहू द्या.

---

उनाड_वासरू

दादा, चाललं!! सगळे गेम एक्स्ट४ वर हलवले, व्हेरिफायमध्ये थोड्याच फायली उतरल्या. आता डी ड्राइव्हवरचं उरलेलं स्टीमचं फोल्डर उडवू का? एका गेममध्ये क्लाउड सेव्ह नाही आणि विंडोजवर मी अर्ध्याच्या पुढे गेलो होतो.

---

सांजवारा

थांब, आधी सेव्ह शोध. विंडोजच्या सी ड्राइव्हवर युजर्स, तुझं नाव, मग 'डॉक्युमेंट्स', 'सेव्ह्ड गेम्स' किंवा 'ॲपडेटा' यांपैकी एका ठिकाणी गेमच्या नावाचं फोल्डर असेल. काही गेम सेव्ह स्वतःच्याच फोल्डरात ठेवतात, तेही बघ. गेम लिनक्सवर एकदा सुरू करून बंद कर, म्हणजे प्रीफिक्स तयार होईल. मग स्टीमॲप्स, कम्पॅटडेटा, त्या गेमचा क्रमांक, पीएफएक्स, ड्राइव्ह_सी, युजर्स, स्टीमयूजर असं आत जा. तिथे तेच 'डॉक्युमेंट्स' आणि 'ॲपडेटा' दिसतील, त्यात ते फोल्डर जसंच्या तसं ठेव. गेमचा क्रमांक त्याच्या स्टोअरच्या पानाच्या पत्त्यात असतो.

गेम उघडून 'कंटिन्यू' दिसलं की मग डी ड्राइव्हवरचं उडव. पुढे कधी प्रीफिक्स काढायची वेळ आली तर हे फोल्डर आधी बाजूला काढायचं, कारण क्लाउड नसलेल्या गेमचे सेव्ह त्याच्याबरोबरच जातात.